ओर्ताचे संवाद, वैद्यांचे निघंटु आणि समासांतील टिपा

निघंटूंच्या हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस एक गोष्ट चांगली ठाऊक असते. मूळ श्लोक सुवाच्य बालबोध अक्षरांत, ओळी आंखून, काळजीपूर्वक लिहिलेले असतात. आणि पानाच्या समासांत, पुष्कळदां निराळ्या हातानें व मोडी वळणानें, एकादा शब्द खरडलेला असतो. श्लोकांत ‘बदर’ असतें, समासांत ‘बोर’ असतें. श्लोकांत ‘कुटज’ असतो, समासांत ‘कुडा’ असतो. प्रत करणारा श्लोक उतरून घेतो आणि समास सोडून देतो. ह्या टिपा म्हणजे पोथीचा मळ, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची असून तिनें आपल्या विद्येचें पुष्कळ नुकसान झालें आहे, आणि त्या नुकसानीस प्रस्तुत लेखकही अंशतः कारण आहे, हें ह्या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे. परंतु तें सांगण्यापूर्वीं एका विदेशी ग्रंथाची हकीकत देणें अवश्य आहे. कारण समासांतील ह्या एकेका शब्दाच्या पाठीमागें काय दडलेलें असतें, तें त्या ग्रंथानें आम्हांस शिकविलें.

(१)

वनस्पति कोणास विचाराव्या, ह्याचें उत्तर आमच्या आचार्यांनीं फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, अगदीं पहिल्याच अध्यायांत, असें म्हटलें आहे कीं, औषधी नांवानें व रूपानें ओळखणारे लोक म्हणजे गाई राखणारे, शेळ्यामेंढ्या राखणारे आणि इतर वनवासी होत. त्यांचा योग, म्हणजे देश, काल व पुरुष पाहून केलेली योजना, जो जाणतो तो श्रेष्ठ वैद्य. सुश्रुतानेंही तापस, व्याध व मूलाहारी ह्यांची अशीच साक्ष मानिली आहे. राजनिघंटूचा कर्ता नरहरि ह्यानें तर आभीर, गोपाल, पुलिंद, पांथस्थ ह्यांजकडून औषधींचीं नांवें पारखून घ्यावीं असें ग्रंथारंभींच सांगितलें आणि आपल्या ग्रंथांत कर्णाट व महाराष्ट्र भाषांतील नांवांची सोय ठेविली. अथर्ववेदांत ह्याच्याही पलीकडे जाऊन, वराह वेल जाणतो आणि मुंगूस औषधी जाणतो असें म्हटलें आहे. सारांश, ह्या विद्येचा पहिला अध्याय रानांत आहे, पाठशाळेंत नाहीं.

दुसरी गोष्ट, हें ज्ञान संवादानें वाढतें असें चरकाचें स्पष्ट मत आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत ‘तद्विद्यसंभाषा’ म्हणजे समानविद्य लोकांचें परस्पर बोलणें सांगून त्याचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार केले आहेत. एक स्नेहाचा, दुसरा झगड्याचा. सूत्रस्थानांत रस किती, ह्या प्रश्नावर ऋषींचा जो वाद दिला आहे, त्यांत ज्यांचीं मतें पुढें टिकलीं नाहींत त्या ऋषींचींही नांवें राखिलीं आहेत. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. संवादरूपानें लिहिलेल्या ग्रंथांत बोलणाऱ्याचें नांव राहतें. निघंटूंत तें राहत नाहीं. निघंटूचा श्लोक ‘अमुक वनस्पतीचीं अमुक नांवें’ इतकेंच सांगतो. तीं नांवें कोणत्या गुराख्यानें कोणत्या डोंगरावर सांगितलीं, तें गळून जातें.

(२)

आतां ज्या ग्रंथाचा वर उल्लेख केला त्याजकडे वळूं. गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्यें मार्तिम आफोंसु द सोझा ह्याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानांत आला. त्याचा जन्म सुमारें १५०१ मध्यें पोर्तुगालांतील काश्तेलु द व्हीद येथें, धर्मांतर केलेल्या यहुदी कुलांत झाला. सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत त्यानें अध्ययन केलें व लिस्बन येथें अध्यापनही केलें. गोव्यांत तो तीस वर्षांहून अधिक राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें जाणेंयेणें होतें व तेथील हकीमांशीं त्याच्या चर्चा होत. मुंबईचें बेट त्याजकडे खंडानें होतें. तेथील आपला एक आंबा वर्षांतून दोनदां फळतो असें त्यानें मोठ्या अभिमानानें लिहून ठेविलें आहे.

ह्या गृहस्थानें हिंदुस्थानांतील औषधी व सुगंधी द्रव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, तो ता. १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यांत जुवांव द एंदें ह्याच्या छापखान्यांत छापून निघाला. गोव्यास छापखाना येऊन त्या वेळीं अवघीं सात वर्षें झालीं होतीं, आणि ग्रंथाला जोडलेलें लांबलचक शुद्धिपत्र पाहिलें म्हणजे तो छापणाऱ्यांस किती जड गेला असेल ह्याची कल्पना येते. पोर्तुगालचा महाकवि कामोंइश ह्याची पहिली छापील कविता ह्याच ग्रंथाच्या आरंभीं आली, ही गोष्ट ग्रंथसंग्राहकांस ठाऊक असेलच.

ओर्तानें हा विषय आधीं लॅटिन भाषेंत लिहिला होता. पण तो बाजूस ठेवून त्यानें ग्रंथ पोर्तुगीज भाषेंत व संवादरूपानें केला. सुमारें साठ संवाद आहेत. त्यांत एक बोलणारा स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनु, हा विद्यापीठांतून नुकताच आलेला कल्पित पंडित. रुआनु ग्रीक व लॅटिन ग्रंथांचीं वचनें काढतो, आणि ओर्ता त्यास झाड दाखवितो. प्राचीनांचा धाक मला घालूं नका, मी पाहिलेलें सांगतों, असा ओर्ताचा एकंदर रोख आहे. पण रुआनु हाही ओर्ताचाच एक भाग होय. सालामांकेंत शिकलेला तरुण ओर्ता तो हाच. म्हणजे ह्या ग्रंथांत एक मनुष्य आपल्याच पाठांतराशीं वाद घालीत आहे. संस्कृत पाठशाळेंत आयुष्य घालविलेल्या आम्हांसारख्यास हें वाचतांना वारंवार थांबावें लागलें.

आणि त्या खोलींत ह्या दोघांशिवाय आणखीही माणसें येतात. आंतोनिया नांवाची दासी हांक मारतांच फळ किंवा डाहळी घेऊन येते. मालुपा नांवाचा हिंदु वैद्य निशोत्तराच्या संवादांत स्वतः बोलतो. कधीं कोणाचा चाकर रोग्याची हकीकत घेऊन येतो आणि बोलणें अर्ध्यावर राहतें. हीं माणसें संवाद सजविण्यासाठीं आणिलेलीं नाहींत. ज्ञान कोणाकडून आलें, त्याची ती नोंद आहे.

(३)

ओर्ता प्रत्येक द्रव्याचीं नांवें निरनिराळ्या भाषांतून देतो. ह्या नांवांचा उपयोग करतांना आपल्या संशोधकांनीं एक सावधगिरी ठेविली पाहिजे. तो ज्यास ‘कानारीं’ म्हणतो ती भाषा कानडी नव्हे; त्या काळचे पोर्तुगीज गोव्याच्या लोकांस व त्यांच्या बोलीस तें नांव देत. ही गांठ एकदां सुटली कीं, त्याचे वेडेवांकडे शब्द घरचे वाटूं लागतात. ‘पनाझ’ म्हणजे फणस. ‘कामारीझ’ म्हणजे करमर, संस्कृत कर्मरंग. ‘ब्रिंदांव’ म्हणजे भिरंड, ज्यास आपण कोकंब म्हणतों. एका ठिकाणीं तो सांगतो कीं ह्या फळास कानारींत ‘बोर’ व दखनींत ‘बेर’ म्हणतात. आतां ‘बोर’ हा गोव्याप्रमाणेंच देशावरचाही शब्द आहे. ‘बेर’ हें हिंदुस्थानी रूप. तेव्हां निदान ह्या एका शब्दापुरतें तरी ओर्ताची ‘दखनी’ म्हणजे शेतकऱ्यांची मराठी नसून निजामशाही दरबारांत कानीं पडणारी बोली असावी, असें आम्हांस वाटतें. कोणता शब्द त्यानें वाडींत ऐकिला व कोणता दरबारांत, हें अशा बारीक खुणांवरून काढतां येण्यासारखें आहे.

धोतऱ्याचें उदाहरण घ्या. गोव्यांत त्यास ‘दातुरो’ म्हणतात असें सांगून मलबारांतील नांव ओर्ता ‘उन्मत काया’ असें देतो. पहिला शब्द धत्तूर आणि दुसरा उन्मत्त. दोन्ही आमच्या निघंटूंत एकाच ओळींत सांपडतात. चोर हें द्रव्य अन्नांत घालून लोकांस बेभान करतात व लुबाडतात, ही माहितीही तो देतो. कोशकारांनीं ‘उन्मत्त’ हें नांव कां दिलें, त्याचें भाष्य अशा रीतीनें एका विदेश्याच्या हातून लिहिलें गेलें.

परंतु सर्वांत विलक्षण प्रवास केला आहे तो ‘मोडशी’ ह्या शब्दानें. पटकीसारख्या भयंकर रोगाचें वर्णन ओर्तानें एका संवादांत केलें आहे. त्यांत रोग्याकडे जाऊन येण्यासाठीं बोलणें थांबविलें जातें. ह्या देशचे लोक ह्यास ‘मोर्शी’ म्हणतात व आम्ही पोर्तुगीज तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतों, असें तो प्रांजलपणें सांगतो. आपल्याकडील वैद्य अशा रोग्यास मिरें व जिरें घालून तांदुळाची कांजी देत, हेंही त्यानें नोंदिलें आहे. पुढें हा शब्द फ्रेंचांच्या तोंडीं गेला आणि त्यांनीं त्याचें ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचें मरण’, असें करून टाकिलें! ज्यांनीं नुसता फ्रेंच शब्द वाचला त्यांस त्यांत अर्थ दिसला, पण तो खोटा. कोंकणांतील घराघरांतला साधा शब्द अशा रीतीनें युरोपांत निराळ्याच वेषानें हिंडला, आणि त्याचें मूळ सांपडतें तें एका संवादांतील एका वाक्यांत. कारण त्या वाक्यांत ‘हे लोक असें म्हणतात व आम्ही असें म्हणतों’ हा भेद राखिलेला आहे.

(४)

आमच्या प्राजक्ताविषयीं एक स्वतंत्र संवाद आहे. फुलें रात्रीं उमलतात व सूर्योदयीं गळतात म्हणून पोर्तुगीज त्यास ‘दुःखी वृक्ष’ म्हणत. ओर्ता सांगतो ती गोष्ट अशी : पारिजातक नांवाच्या एका थोर पुरुषाची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली, सूर्यानें तिचा त्याग केला, तिनें प्राण दिला, तिच्या रक्षेंतून हें झाड उगवलें, म्हणून त्याचीं फुलें सूर्याचें मुख पाहत नाहींत. आतां पुराणांतील पारिजात समुद्रमंथनांतून निघालेला, इंद्राच्या उद्यानांतील, आणि श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं आणिलेला. आपल्या अंगणांतील झाडास संस्कृत कोशांत शेफालिका हें नांव आहे. पाठशाळेंतील कोणीही पंडित ओर्तास ‘ही कथा अपुराणीय आहे’ म्हणून गप्प बसवूं शकला असता. आम्हीही तेंच केलें असतें. पण तसें झालें असतें तर, सोळाव्या शतकांतील गोव्यांत कोणाच्या तरी ओसरीवर सांगितली जाणारी ही कथा आज आपणांस मिळाली नसती. लिनीअस ह्यानें १७५३ मध्यें ह्या झाडास जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा उत्तरार्ध ‘दुःखी वृक्ष’ असाच आहे.

सर्वच ऐकीव गोष्टी खऱ्या ठरतात असा मात्र आमचा दावा नाहीं. सिंहलद्वीपांत मुंगूस नागाशीं झुंजण्यापूर्वीं एका मुळीचा आश्रय करितें, ही वार्ता ओर्तानें नागमुळीच्या संवादांत घेतली आहे. आपल्याकडेही ती घरोघर सांगतात. अर्वाचीन संशोधनावरून असें दिसतें कीं, मुंगसाचें रक्षण त्याची चपळाई करते आणि त्याच्या शरीराची घडणच नागाचें विष मज्जातंतूंस लागूं देत नाहीं. मुळीचा संबंध नाहीं. तथापि ज्यानें ही झुंज पाहिली त्यानें मुंगूस विषानें मरत नाहीं हें बरोबर पाहिलें होतें; चूक झाली ती कारणांत. चरकाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर नाम व रूप गुराख्यास बरोबर ठाऊक असतें. योग तपासणें हें विद्वानाचें काम आहे.

(५)

ओर्ताच्या ग्रंथाचें पुढें काय झालें? कारोलुस क्लुसिउस नामक विख्यात वनस्पतिज्ञास तो हातीं लागला व त्यानें १५६७ मध्यें अँटवर्प येथें त्याचा लॅटिन संक्षेप छापविला. क्लुसिउसानें प्रकरणें नीट लाविलीं, चित्रें घातलीं, पाल्हाळ काढून टाकिला. आणि संवादही काढून टाकिले. युरोपांत पुष्कळ काळ ओर्ता वाचला गेला तो ह्याच रूपानें. त्यांत द्रव्यें राहिलीं. झाडाची डाहळी घेऊन येणारी आंतोनिया नाहींशी झाली. क्लुसिउसाची विद्वत्ता मोठी व हेतु निर्मळ होता. प्रत करतांना आपण समास सोडतों तेव्हां आपलाही हेतु निर्मळच असतो.

ओर्ता १५६८ मध्यें वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायासनानें गोव्यांत जाळिलें, आणि १५८० मध्यें ओर्ताच्या अस्थि उकरून त्याही जाळिल्या. मूळ ग्रंथाचें सटीक संपादन काउंट फिकाल्यु ह्यानें केलें तें १८९१ ते १८९५ च्या दरम्यान. मार्कमचें इंग्रजी भाषांतर १९१३ चें. म्हणजे संवाद पुन्हां ऐकूं येण्यास तीनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

ह्याच्या उलट उदाहरण कोचीनचें. तेथील डच अधिकारी हेंद्रिक व्हान रीड ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ पर्यंत आम्स्टर्डाम येथें निघाला. त्याच्या पहिल्या खंडांत इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याची, तसेंच रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या तीन कोंकणी वैद्यांची लेखी साक्ष छापिली आहे. तिघांची साक्ष नागरी अक्षरांत व कोंकणी भाषेंत असून ती १६७५ मधील आहे. वैद्यांच्या सभा भरत, वादविवाद होत, प्रत्येक जण आपल्या पक्षास मुखोद्गत श्लोकांचा आधार देई, आणि तरीही मर्यादा सुटत नसे, हें पाहून व्हान रीडनें आश्चर्य व्यक्त केलें आहे. तें वाचतांना आम्हांस तद्विद्यसंभाषेची आठवण झाली. मुद्दा इतकाच कीं, ह्या चौघांचीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत, कारण कोणीतरी त्यांची साक्ष त्यांच्याच लिपींत छापण्याची काळजी घेतली.

(६)

आतां आमचें प्रायश्चित्त. नोकरींत असतांना, तरुणपणीं, एका खेड्यांतील वैद्यघराण्याकडून निघंटूची एक पोथी आम्हीं पंधरा दिवसांच्या बोलीनें आणिली व तिची प्रत केली. समासांत मोडी टिपा पुष्कळ होत्या. प्रतीच्या शेवटीं आमच्याच अक्षरांत असें वाक्य आहे : ‘समासांत अशुद्ध प्राकृत टिपा आहेत त्या गाळल्या.’ हें वाक्य लिहितांना आम्हांस बरें वाटलें होतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

पुष्कळ वर्षांनीं, सेवानिवृत्त झाल्यावर, आम्ही ‘मूर्वा’ ह्या वनस्पतीच्या शोधांत होतों. मूर्वेच्या तंतूंची धनुष्याची दोरी होते म्हणून दोरीस मौर्वी म्हणतात. क्षत्रिय बटूची मेखलाही मौर्वीच. आमच्याकडील वैद्य मूर्वा म्हणजे मोरवेल असें समजतात. डोंगराच्या पायथ्याशीं मोरवेल पसरली होती. ती दाखवून आम्ही बरोबरच्या एका म्हाताऱ्या गुराख्यास श्लोकाचा अर्थ मोठ्या उत्साहानें सांगितला. तो हंसला व म्हणाला, “मास्तर, ह्या वेलाच्या दोरीनं वासरूं तरी बांधून दाखवा, मग धनुष्याचं बघूं.” त्यानें वेल तोडून दोन पीळ दिले व ओढले, ते तुटले. मग त्यानें शेजारची केवण दाखविली, तिची साल सोलली, आणि तिच्या दोरानें आमची काठी झाडाला बांधून ‘आतां सोडवा’ म्हणाला.

केवण म्हणजे मूर्वा असें तो म्हणत नव्हता व आम्हीही म्हणत नाहीं. परंतु ज्या परीक्षेनें हा वाद तोडला पाहिजे ती परीक्षा आम्हांस सुचली नव्हती. ती त्यास सुचली. बंगालकडे मूर्वा म्हणून निराळीच तंतुमय पानांची वनस्पति घेतात. आणि राजमहालच्या डोंगरांतील लोक ज्या एका वेलीच्या तंतूंची धनुष्याची दोरी करीत, तिची नोंद रॉक्सबर्गनें केली आहे. ही सर्व मंडळी दोरीवरून झाडाकडे जातात. आम्ही मात्र श्लोकावरून झाडाकडे जात होतों.

घरीं येऊन आमची जुनी प्रत काढिली. मूर्वेचा श्लोक होता. समास कोरा होता. त्या ठिकाणीं मूळ पोथींत टीप होती एवढें आठवत होतें, कारण ती शाईच्या डागामुळें नीट लागली नव्हती व आम्ही तिजवर वेळ घालविला नव्हता. त्या खेड्यास गेलों. वैद्यांचें घर एका पावसाळ्यांत पडलें होतें. पोथ्यांचा पेटारा भिजून वाळवीच्या स्वाधीन झाला होता. घरच्या वृद्ध बाईंनीं आमचें स्वागत केलें, आणि जातांना म्हणाल्या, “तुमच्याजवळ उतारा आहे ना गुरुजी, मग सगळं राहिलंच म्हणायचं.” त्यांस आम्ही खरें उत्तर देऊं शकलों नाहीं. तें उत्तर ह्या लेखानें देत आहोंत.

(७)

शेवटीं, संग्राहक बंधूंस तीन विनंत्या आहेत. पहिली : वैद्यकीय पोथीची प्रत किंवा छायाचित्र घेतांना समास पूर्ण घ्यावा, वाचतां न येणारी टीपही जशी दिसते तशी उतरावी व पत्रांक द्यावा. दुसरी : टिपेचें अक्षर मूळ लेखकाचें आहे कीं दुसऱ्याचें, बालबोध आहे कीं मोडी, तें नोंदावें, एका पोथींत तीन हात दिसले तर तीन पिढ्यांनीं रानांत जाऊन विचारपूस केली असें समजावें. तिसरी : समासांतील शब्द घेऊन ज्या गांवची पोथी त्या गांवीं एकदां तरी जावें, आणि धनगर, गुराखी, वैदू, सुईण ह्यांस तो शब्द म्हणून दाखवावा. तें जें दाखवितील त्याची डाहळी घ्यावी. गांव, तिथि, आणि त्यांची संमति असल्यास सांगणाराचें नांव टिपेखालीं लिहावें.

श्लोक पुष्कळ ठिकाणीं सुरक्षित आहेत. एक प्रत गेली तर दुसरी मिळते. समासांतील शब्दाची दुसरी प्रत नसते. तो कोणीतरी कोणास विचारला होता आणि कोणीतरी उत्तर दिलें होतें. ज्यांच्या संग्रहीं अशा टिपा असतील त्यांनीं त्या ह्याच त्रैमासिकांत प्रसिद्ध कराव्या. अशुद्ध असल्या तर अशुद्धच पाठवाव्या, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.